एमेटच्या हेल्मेटावरचा फोड

रात्रभर ईरी सरोवरानं आमच्यावर बर्फ ओकलं आणि उजाडल्यावर दमल्यासारखं गप्प झालं. सरोवर गोठायच्या आधी असंच चालतं. पश्चिमेचा वारा सुटला की बफेलो शहराच्या वरच्या अंगाला लख्ख ऊन असतं, तिथली माणसं नुसत्या स्वेटरवर फिरतात, आणि आमच्या दक्षिणेच्या गल्ल्यांत उभ्या मोटारी नाहीशा होतात. नुसते पांढरे उंचवटे उरतात. त्यातला आपला कुठला हे ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. नदीकाठच्या गिरणीतून भाजक्या ओट्सचा वास येत होता. तो बर्फालाही जुमानत नाही.

ब्रोन्या बुशा तिच्या दुकानासमोरची फरसबंदी उकरत होती. बुशा म्हणजे आजी. शब्द आमच्याकडच्या पोलिश घरांतला, पण तिला आयरिश, इटालियन सगळेच बुशा म्हणतात. ऐंशीला टेकलेली बाई. डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा पोलादाच्या कारखान्यातला जाड कोट, हातात कोळशाचं फावडं. फावडं भरून घ्यायची नाही. इवलंसं बर्फ उचलायचं, बाजूला टाकायचं, त्याच्याकडे एकदा रागानं बघायचं, मग पुढचं.

कोपऱ्यावरून बंब हळूहळू आला. बर्फ पडलं की ठाण्यावरची मंडळी गल्लोगल्ली फिरून आगीचे नळ उकरून ठेवतात. बंब थांबला, खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"बुशा, ठेव ते खाली! आम्ही आहोत की."

"तुम्ही आहात म्हणून तर भीती वाटते. मागच्या वेळी नळ म्हणून उकरलात तो पोस्टाचा डबा निघाला."

बंबावरचे सगळे खिंकाळले. "अगं, ती जुनी गोष्ट झाली!"

"मी पण जुनीच आहे."

"एवढंसं तर आहे. दोन मिनिटात करतो."

"नाही म्हटलं ना. या फरसबंदीचा माणूस ठरलेला होता. तो गेला. आता माझं मी बघीन. जा, नळ शोधा."

बंब गेला. तिनं पायरी मोकळी केली, फावडं दाराशी टेकवलं आणि आत येऊन कोटावरचं बर्फ माझ्या पायमोज्यांवर झटकलं. मी नुसत्या पायमोज्यांनिशी बसलो होतो कारण माझा उजवा बूट तिच्या टेबलावर होता, टाच निखळलेला. तो शिवून होईपर्यंत मला कुठं जाता येणार नव्हतं.

दुकान तिच्या बापाचं, बूटदुरुस्तीचं. तो पोलंडातल्या क्राकूकडून आला तेव्हा सोबत रापी, आऱ्या आणि लोखंडी पाय एवढंच घेऊन आला असं ती सांगते. पोलादाचे कारखाने चालू होते तोवर माणसं बूट शिवायला रांग लावायची. कारखाने बंद झाले, नवरा काझिक गेला, बूट लोक फेकून द्यायला लागले. दुकान राहिलं ते आगवाल्यांमुळं, बंबावरच्या मंडळींमुळं. भिंतीवरच्या फळीवर त्यांची चामड्याची हेल्मेटं ओळीनं बसलेली असतात. कुणाचा पुढचा पितळी गरुड वाकलाय, कुणाची शिवण उसवलीये, कुणाच्या आतला पट्टा घामानं कुजलाय.

सत्याहत्तरच्या हिमवादळात पहिलं हेल्मेट आलं. आगवाला एक घर विझवून परत निघालेला, रस्ते बंद, बंब बर्फात रुतलेला, म्हणून ऊब घ्यायला दुकानात शिरला. त्याच्या हेल्मेटाची एक शिवण कपाळापासून मागपर्यंत उसवली होती. ब्रोन्यानं ते हातात घेतलं, उलटं केलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे कुणी शिवलंय?" आवाजात असा मान होता की तो आगवाला गडबडून म्हणाला, "मी नाही."

हे हेल्मेट म्हणजे आठ पाकळ्या चामड्याच्या, कमळासारख्या वर एकत्र आलेल्या, प्रत्येक जोडावर एक उभी कड. पुढचा काठ आखूड, मागचा लांब, त्याला सगळे शेपूट म्हणतात. वरून पाण्याचा मारा झाला, निखारे पडले, तर मानेवरून आत न जाता शेपटावरून पाठीमागं ओघळावं म्हणून. आगवाले सांगतात की दोनशे वर्षांमागं न्यूयॉर्कातल्या एका बॅगा शिवणाऱ्यानं हा घाट काढला. तो स्वतः आग विझवायला धावायचा आणि त्याच्या मानेवर पाणी सांडायचं. ब्रोन्याला ही गोष्ट फार आवडते. "बॅगा शिवणारा," ती म्हणते. "इंजिनियर नव्हे. मान भिजली आणि घरी जाऊन शिवलं."

पुढं पितळी गरुड, त्याच्या चोचीत ढालीचं वरचं टोक धरलेलं, ढालीवर ठाण्याचा आकडा. गरुड मात्र ब्रोन्याच्या मते मूर्खपणा. खिडकीत अडकतो, तारेत अडकतो, छत पडलं की पहिला तो वाकतो. "पण काढा म्हटलं तर रडतात," ती म्हणते. "मोठाली माणसं. गरुडासाठी."

आणि काजळी. चामड्याचं हेल्मेट कुणी धूत नसे. एकेका आगीची काजळी वर बसत जाते, उन्हात आणि उष्णतेत चामडं तपकिरी पडतं, फोड येतात. ते सगळं त्यांचं पदक. नव्या पोराचं हेल्मेट काळं कुळकुळीत असतं आणि ते ठाण्यात आलं की वर्षभर त्याची थट्टा चालते. आता डॉक्टर सांगतात की त्या काजळीत विष असतं, ठाण्यांवर धुवायचे नियम लागलेत, पण जुन्यांना सांगून बघा.

मी बसलो होतो तेव्हा दारावरची घंटा वाजली आणि मेव्ह हॅनरहन आत आली. उंच, रुंद खांद्यांची, लाल केसांची पोर, आगवाल्यांचं प्रशिक्षण नुकतंच संपवलेली. हातात किराण्याची कागदी पिशवी पोटाशी धरलेली.

"बूट झटक बाहेर," ब्रोन्या म्हणाली. "इथं कुणी फडकं घेऊन बसलेलं नाही."

मेव्हनं बूट झटकले. "बुशा, उद्या सकाळी मला हजर व्हायचंय. बाबांच्याच ठाण्यावर."

"ठाऊक आहे. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तुझी आई बेकरीत सांगत होती, माझ्यापुढं पाच जणं खोळंबली."

आईचं नाव निघालं तशी पोरीच्या तोंडावर कडी पडली. तिनं पिशवीतून हेल्मेट काढून टेबलावर माझ्या बुटाशेजारी ठेवलं.

ते एमेटचं होतं हे मीसुद्धा ओळखलं. एमेट हॅनरहन, तिचा बाप. या ठाण्यावर उभी हयात काढली, दोन वर्षांमागं घशाच्या आजारानं गेला. त्याचं हेल्मेट या गल्लीत सगळ्यांना माहीत. पण ते तपकिरी, खडबडीत, जळक्या भाकरीसारखं असायचं. हे टेबलावरचं काळं होतं. स्वच्छ. दिव्याचा उजेड त्यावरून घसरत होता.

ब्रोन्यानं चष्मा चढवला. "हे कुणी केलं?"

"आईनं! मला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. बाथटबात घातलं, भांड्याच्या साबणानं, कपड्याच्या ब्रशनं घासलं. आणि वर बुटाचं पॉलिश."

ब्रोन्यानं बोट फिरवलं. "पॉलिश चांगलं लावलंय."

"बुशा!"

"अगं, जे आहे ते आहे."

"सगळ्या आगी गेल्या, बुशा. बाबांच्या सगळ्या. गटारात. मी रविवारपासून तिच्याशी बोलत नाहीये." तिचा आवाज फाटला. "कॅप्टननं परवानगी दिलीये. चामडं धड असेल आणि आतला पट्टा नवा असेल तर घाल म्हणालाय. पण मला ते होतं तसं हवंय. उद्यापर्यंत."

"होतं तसं म्हणजे कसं?"

"बाबांचं होतं तसं."

ब्रोन्यानं हेल्मेट उलटं केलं, आतल्या शिवणी चाचपल्या, मग शेपूट उजेडाकडं धरलं. शेपटाच्या डाव्या बाजूला एक जुना फोड होता, अक्रोडाएवढा, कडक. साबणानं तो काही गेला नव्हता. आणि त्याच्या शेजारीच दुसरा. ताजा. त्याच्याभोवती काठ आत वळलेला, कढईत टाकलेल्या पापडासारखा.

ब्रोन्यानं नाक जवळ नेलं. हुंगलं. पोरीकडं पाहिलं.

"हा कसला वास?"

मेव्ह खिडकीबाहेर बघायला लागली.

"पोरी, कसला वास येतोय?"

"गॅसचा," मेव्ह म्हणाली. मग भडाभडा, "मी थोडंसंच धरलं होतं. शेगडीवर. खाली मेणबत्त्यांचे तुकडे जाळले, धूर बसेल म्हणून. काजळी येईल म्हणून. आणि ते एकदम आक्रसायला लागलं, मी पाण्यात घातलं…"

ब्रोन्याच्या खांद्यांत काहीतरी हललं. आधी वाटलं तिला ठसका लागला. मग तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि ती हसायला लागली. आवाज न करता आधी, मग आवाज करत, मग डोळ्यांतून पाणी. रुमाल सुटला तरी ती थांबेना.

"येझुस मारिया," ती म्हणायची आणि पुन्हा. "त्याच जागी! येझुस मारिया, त्याच जागी गं!"

"काय झालं?" पोरगी लालभडक झाली होती. "यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या बाबांचं हेल्मेट आहे ते!"

"म्हणून तर!"

"काय म्हणून?"

ब्रोन्यानं डोळे पुसले. गंभीर झाली. छातीवर क्रूसाची खूण केली. "नाही सांगायची. वचन दिलंय."

"कुणाला?"

"मेलेल्या माणसाला. जिवंताला दिलं असतं तर केव्हाच मोडलं असतं."

मेव्हनं माझ्याकडं पाहिलं, जणू मला माहीत असावं. मी पायमोज्यांकडं पाहिलं.

बाहेर एक मोटार केव्हाची उभी होती, इंजिन चालू, काचेवरचे वायपर इकडून तिकडं करत. ब्रोन्यानं काचेवरची वाफ पुसली.

"ती कोण बसलीये?"

"आई."

"आणि आत का येत नाही?"

"आम्ही बोलत नाही म्हटलं ना."

"मग तू आलीस कशी?"

"तिच्या मोटारीतून. माझी बर्फाखाली आहे." पोरीला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं. "ती चालवत होती. मी मागं बसले होते."

"टॅक्सीसारखी."

"हो."

ब्रोन्यानं टाच ठोकायचा हातोडा उचलला आणि काचेवर ठकठक केली, अशी की मला वाटलं काच गेली. मोटारीतली बाई दचकली. ब्रोन्यानं बोटानं खूण केली, ये. बाईनं मान हलवली. ब्रोन्यानं हातोडा वर धरला. बाई उतरली.

नोरीन हॅनरहन शाळेत मुलांना जेवण वाढते. वाढण्याची सवय असलेल्या बायका रित्या हातानं उभ्या राहिल्या की त्यांना हात कुठं ठेवावेत कळत नाही, तशी ती दाराशी उभी राहिली.

"मला काही बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "तिला सांग, बुशा, मी मोटारीत थांबते."

"तीच सांगेल, तुझी पोटची आहे," ब्रोन्या म्हणाली. "इकडं ये. हे बघ, तुझ्या लेकीनं काय केलंय."

नोरीन पुढं आली. शेपटावर वाकली. जुना फोड, शेजारी नवा फोड, आत वळलेला काठ.

"शेगडीवर?" तिनं विचारलं.

मेव्ह रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली.

नोरीननं तोंडावर हात धरला. ती हसतेय की रडतेय ते कळेना, आणि मला वाटतं तिलाही कळत नव्हतं. "रक्तच तसलं," ती हाताआडून म्हणाली. "हॅनरहनांचं रक्तच तसलं. एकानं ओव्हन, एकीनं शेगडी."

ब्रोन्या ताठ झाली. "ओव्हनचं तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगायला कशाला हवं? ओव्हन माझ्या आईचा होता! तुला कसं ठाऊक?"

"मी सरळ केलं ते! या टेबलावर!"

"तू? मला तर एमेट म्हणाला होता की ठाण्याच्या कारखान्यात दुरुस्त करून घेतलं."

"आणि मला म्हणाला, बुशा, जगात फक्त तुला ठाऊक आहे."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. सदतीस-अडतीस वर्षं एकाच गल्लीत राहून एकच गुपित दोघी जपत होत्या, आणि दोघींना वाटत होतं आपणच.

"लबाड," नोरीन म्हणाली, आणि ते इतक्या मायेनं म्हणाली की मी पुन्हा पायमोज्यांकडं पाहिलं.

"मला कुणी सांगणार आहे का?" मेव्ह ओरडली.

मग दोघींनी सांगितलं, एकीच्या तोंडातला घास दुसरीनं ओढावा तसं.

एमेट ठाण्यावर रुजू झाला तेव्हा बावीसचा होता. आईबापांनी मिळून चामड्याचं नवं हेल्मेट घेऊन दिलं होतं, काळं, आरशासारखं. ठाण्यातले म्हातारे त्याच्यासमोर उभे राहून त्यात बघून केस विंचरायचे. त्याचं नाव पडलं होतं आरसा. "आरसा, दाढी करायची आहे, जरा खाली वाक." जेवणाच्या टेबलावर, बंबावर, रस्त्यात नोरीनबरोबर फिरताना. महिनाभर आगच लागेना, लागायची ती कचऱ्याच्या डब्याला. पोरगा झुरणीला लागला.

"तर एका रविवारी," नोरीन म्हणाली, "माझी आई चर्चला गेली होती. ओव्हनमध्ये तिनं मांस भाजायला ठेवलं होतं, खालच्या फळीवर. हा आला, म्हणाला, थोडंसं तपकिरी करतो, पाच मिनिटं. वरच्या फळीवर हेल्मेट ठेवलं. आणि आम्ही…" ती थांबली. "आम्ही विसरलो."

"काय करत होतात?" ब्रोन्यानं विचारलं.

"लेकीसमोर विचारतेस?"

"लेक सव्वीस वर्षांची आहे."

"वास आला तेव्हा उघडलं. बुशा, ते एवढंसं झालं होतं." नोरीननं दोन्ही हात एकत्र आणले. "मांजराला बसलं असतं. आणि मांसाला कातड्याचा वास. आई आली, म्हणाली, काय जळतंय? हा म्हणाला, काही नाही, मस्त वास येतोय. आणि आईनं वाढलं ते सगळं खाल्लं यानं. सगळं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी कुणाला सांगू नये म्हणून मग जन्मभर दर रविवारी माझ्या आईच्या हातचं वाढेल ते मुकाट खाल्लं त्यानं. आणि माझ्या आईला काही येत नव्हतं रांधायला."

"सोमवारी माझ्याकडं आला," ब्रोन्या म्हणाली. "अशीच किराण्याची पिशवी. अशीच पोटाशी धरलेली."

तिच्याकडं तेव्हा हेल्मेटाचा साचा नव्हता. बुटांची कलबुतं होती, पायाच्या आकाराचे लाकडी ठोकळे, डोक्याचं कुठून असणार. तिनं रात्रभर हेल्मेट कोमट पाण्यात भिजत ठेवलं आणि विचार करत बसली. शेजारच्या खोलीत काझिक त्याच्या बोलिंगच्या चेंडूला तेल लावत होता. आमच्याकडच्या पोलिश पुरुषांना शुक्रवारी मासळी आणि शनिवारी बोलिंग चुकवता येत नाही. ब्रोन्यानं तो चेंडू त्याच्या मांडीवरून उचलला. पुढं मागं लोकरीची मोजी गुंडाळली, डोकं काही अगदी गोल नसतं म्हणून, आणि ओलं चामडं त्यावर हातानं ताणत बसली, एकेक पाकळी.

"काझिक?" मी विचारलं. त्या सकाळचं माझं तेवढंच बोलणं.

"त्यानं तो महिना उसन्या चेंडूनं काढला. हरला. मरेपर्यंत ऐकवायचा." तिनं हनुवटीनं फळीकडं खूण केली. हेल्मेटांच्या शेवटी तो चेंडू होता, निळा, तीन भोकांचा. आगवाल्यांना वाटतं नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलाय. तेही खरंच आहे.

"हेल्मेट मोठं झालं," ती म्हणाली, "पण तो फोड राहिला. तो बसवता येईना. एमेट म्हणाला, राहू दे, बुशा. पुढच्याच महिन्यात गादीचं दुकान पेटलं. तो आत होता, दोन माणसं बाहेर काढली त्यानं. त्यानंतर फोड कुठला, कुणी विचारलं नाही."

मेव्ह खाली बसली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

"बाबा मला सांगायचे," ती हळू म्हणाली, "मी मांडीवर असायची, माझं बोट त्या फोडावर ठेवायचे. म्हणायचे, हा गादीच्या दुकानाचा. मी प्रशिक्षणाच्या मुलाखतीत ते सांगितलं. सगळ्यांसमोर."

खोली तापवणारा रेडिएटर खडखडला.

"आग खरी होती," नोरीन म्हणाली. "दोन माणसं खरी होती. त्यातला एक अजून मला नाताळला हॅम पाठवतो."

"फोड खोटा."

"फोड खोटा," ब्रोन्या म्हणाली.

मेव्हनं तळव्यांनी चेहरा चोळला. मग बोटांच्या फटीतून तिनं आईकडं पाहिलं. "तू का धुतलंस ते? खरं सांग. सरप्राइज वगैरे नको."

नोरीन खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "कपाटात होतं, मेव्ह. कपाट उघडलं की वास यायचा. पहिल्या वर्षी मी मुद्दाम उघडायची. मग एका डॉक्टरनं सांगितलं की हा धूर असतो, कातडीतून जातो, कपड्यांतून, सगळ्यातून. तेव्हापासून मी ते कपाट उघडलं नाही. आणि तू म्हणालीस, मी बाबांचं घालणार." ती थांबली. "ज्यानं त्याला नेलं ते तुझ्या डोक्यावर ठेवून मी तुला दारातून कशी पाठवू? तुझ्या केसांवर?"

पोरीनं मान खाली घातली. केस पुढं आले.

"मला सांगायचंस ना," ती पुटपुटली.

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"तेच."

ब्रोन्यानं मध्येच हेल्मेट उचललं. तिला भावनांचा कंटाळा फार लवकर येतो. "इकडं बघा, दोघी. हे इथं," आतल्या बाजूला तिनं बोट ठेवलं, "हा दोरा माझा. छत पडलं होतं त्याच्यावर, शाळेजवळच्या घरात. ही पाकळी पूर्ण नवी घातलीये, तेव्हा तुला दात येत होते. गरुड चौथा आहे. हे काही साबणानं गेलेलं नाही. आता मला सांग, तुला काजळी हवी का हेल्मेट?"

मेव्हनं तिच्या हातातून ते घेतलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"हेल्मेट," ती म्हणाली. "असंच. पॉलिशवालं." मग घाईनं, "पण माझा फोड काढ. बाबांचा राहू दे."

"बसेल तेवढा बसवीन. पण उद्या मिळणार नाही."

"बुशा!"

"भिजवायचं, चेंडूवर ताणायचं, सावलीत सुकवायचं. दोन आठवडे. घाई असेल तर त्या रेडिएटरवर ठेवते, उद्या घेऊन जा. परवा मांजर शोध."

पोरीचा चेहरा पडला. त्या सकाळी ती इथं आली होती ती उद्यासाठीच. उद्या ती ठाण्यावर खात्याचं प्लास्टिकचं हेल्मेट घालून उभी राहणार, नवंकोरं, कडेचं लेबलही न निघालेलं, आणि ज्या थट्टेतून सुटायला बापानं ओव्हन उघडला ती सगळी तिला उभ्यानं ऐकून घ्यावी लागणार.

"आरसा म्हणतील," ती म्हणाली.

"म्हणतील. दोन आठवडे म्हणू दे. त्याला महिनाभर म्हणत होते आणि तरी नोरीननं त्याच्याशी लग्न केलं."

"ओव्हनमुळं केलं," नोरीन म्हणाली. "तसा वेडा दुसरा सापडला नसता." आणि ती हसली. मेव्हही नाकातून हसली, मनाविरुद्ध.

मेव्ह उठली, कोटाच्या गुंड्या लावल्या, दारापर्यंत गेली आणि वळली. "बुशा, हे शेगडीचं… ठाण्यावर कुणाला सांगणार नाहीस ना? ते मला जन्मभर…"

ब्रोन्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या बापानं त्याचं मोल काय दिलं ठाऊक आहे?"

"काय?"

"बर्फ पडलं की माझी फरसबंदी. रुजू झाला त्या वर्षापासून. ताप असला तरी. घसा गेल्यावर बोलता येईना तरी यायचा, फावडं हलवून दाखवायचा."

दारात उभं राहून मेव्हनं बाहेर पाहिलं. पायरीपुरतं मोकळं होतं, पुढं सगळं तसंच. दाराशी कोळशाचं फावडं टेकलेलं.

"हे फावडं? याच्यानं?" ती म्हणाली. "याच्यानं तर ईस्टरपर्यंत होणार नाही."

"तुझ्या बापालाही तेच वाटायचं. तो स्वतःचं आणायचा."

"आई, डिकीत मोठं आहे?"

"आहे," नोरीन म्हणाली. "आणि टोपी घाल. कान उघडे आहेत."

"आई."

"कान!"

टोपी घालून पोरगी बाहेर गेली. नोरीन मोटारीची डिकी उघडायला मागोमाग गेली, आणि काचेतून दोघींचे आवाज ऐकू येत राहिले, कुठून सुरुवात करायची यावरून.

ब्रोन्यानं फळीवरून निळा चेंडू दोन्ही हातांनी उतरवला, टेबलावर ठेवला, घरंगळू नये म्हणून माझा डावा बूट खाली लावला. सिंकमध्ये कोमट पाणी सोडलं. हेल्मेट बुडवलं, वर एक ताट ठेवून दाबलं. हात कोटाला पुसले.

मग माझा उजवा बूट लोखंडी पायावर चढवला, तोंडात चार खिळे धरले आणि खिळ्यांमधूनच म्हणाली, "ही टाच कशानं गेली? बर्फात नाचत होतास?"

मी काही सांगायच्या आत तिनं पहिला खिळा ठोकला.